कुलूप शाबूत, पाणी गायब

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण अजून डोक्यातून जात नाही ती एका तलावाच्या पाण्याची तक्रार. त्या वर्षी पावसानं दगा दिला होता. तिरोड्याकडच्या एका गावात उशिरा पिकणारं भारी धान पोटरीत, लोंबी फुटायच्या बेतात आलेलं आणि तलावात शेवटच्या एका पाण्यापुरताच साठा. तेवढं मिळालं तर वर्षाचा भात घरात. गावानं गेटला कुलूप लावून चाबी चौकीदाराकडे दिली. तरी पाणी रोज चार बोटं उतरत होतं.

सकाळीच ठाण्यात फोन आला. "साहेब, चौकीदार पाणी इकून राहिला. लवकर या, नाही तं लोकं त्याले सोडत नाही."

त्याला ठाण्यात आणलं, ते खरं तर वाचवायलाच. पण चौकशीत मीही कसर ठेवली नाही. दोन तास उभा केला, दरडावलं. पन्नाशीचा माणूस, एकच सांगे, "चाबी मी कोणाले देल्ली नाही जी." बाहेर तक्रारदाराचा आवाज चढलेला, "याले कामावरून काढा, गावातूनच हाकला!"

जबाबावर सही घ्यायला तक्रारदाराला आत बोलावलं. बोटाला चिंधी बांधलेली. सवयीनं विचारलं, "हे काय?"

"खेकडा चावला जी."

"वावरं कोरडी पडलीत, खेकडा आणला कुठून?"

"तलावाच्या पाळीतून. सारं गावच सब्बल घेऊन खोदून राहिलं."

माझ्या हवालदारानं पेन खाली ठेवला. तोही धानवाल्या घरचाच; पाळ खोदली की काय होतं, ते त्याला ठाऊक.

लगेच जीप काढली, चौकीदारालाही सोबत घेतलं. ओलाव्यासाठी खेकडे पाळीत, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधात, शिरले होते आणि रश्श्यापायी या शहाण्यांनी पाळच पोखरली होती! मागच्या बाजूला बेशरमाच्या झुडपांत पाय टाकला तर पोटरीपर्यंत चिखलात गेला. पाणी गुपचूप नाल्यात चाललेलं. हुश्श! चोर कुणी नव्हताच.

दुपारभर गावानं मातीची पोती रचून भोकं बुजवली. सगळ्यात जास्त पोती तक्रारदारानंच वाहिली, मान खाली घालून. दुसऱ्या सकाळी पाणी आदल्या संध्याकाळी केलेल्या खुणेवर जागच्या जागी होतं. लोकांनी पाळीवरच चहा मांडला. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

पाणी जातं कुठं, हे बघायला मी आधी तलावावर गेलोच नव्हतो. चौकीदाराला म्हटलं, "चुकलं माझं."

तो हसला. "ते जाऊ द्या साहेब. आता तरी बसू का मी?"

पुढच्या साऱ्या नोकरीत घटनेची जागा पाहिल्याशिवाय मी कुणाला उभं केलं नाही. आधी खुर्ची द्यायचो.