आवाज ठेवायला घेतलेला लॅपटॉप

बस स्थानकावर सगळे त्याला भोंगा म्हणत. अठ्ठावीस वर्षं त्याने तिथल्या गाड्या फलाटाला लावल्या होत्या, म्हणजे तोंडाने. वरच्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत बसून, माइक दोन बोटांनी जरासा खाली वाकवून तो गाडी पुकारायचा आणि खाली दोन-अडीचशे माणसं सामान उचलून चालू पडायची. फोनवर नुसतं "हॅलो" म्हटलं तरी समोरचा विचारायचा, "स्थानकावरचेच ना तुम्ही?" त्यावर तो "छे हो" म्हणायचा आणि दिवसभर खूश असायचा.

म्हणून घसा बसला तेव्हा त्याने आधी धुळीला दोष दिला, मग पंख्याला, मग वयाला. बायकोने तीन महिने ऐकून घेतलं. ती ग्रंथालयात पुस्तकांच्या देवघेवीच्या खिडकीवर होती, हळू बोलणारी आणि एकदा ठरवलं की न ऐकणारी. एक दिवस दंडाला धरून तिने त्याला घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी सरळच सांगितलं, "गाठ स्वरयंत्रावर आहे. पूर्ण काढावं लागेल. जीव वाचेल, अशी मला बरीच खात्री आहे. आवाज मात्र वाचणार नाही. चोवीस दिवसांनंतरची तारीख देते."

भोंग्याने विचारलं ते भलतंच. "मग मी फोन कसा करायचा?"

उत्तर मुलीने शोधलं. ती दुसऱ्या शहरात नोकरी करत होती, बातमी कळताच दोन दिवसांची रजा काढून आली. "बाबा, आवाज जायच्या आधी साठवून ठेवता येतो. तुम्ही वाक्यं बोलायची, लॅपटॉपमध्ये ती राहतील. नंतर बटण दाबलं की तुमच्याच आवाजात बोलतील. जे साठवलेलं नसेल ते टाइप करायचं, ते मशीन स्वतःच्या आवाजात वाचेल."

"कुठलाही लॅपटॉप चालेल?"

"चालेल."

भोंग्याला ते पटेना. ज्या भांड्यात आपला आवाज ठेवायचा ते भांडं चांगलंच हवं, असं त्याच्या मनाने घेतलं. आयुष्यभर हिशेबाने वागलेला माणूस दुकानातला सगळ्यात महागाचा लॅपटॉप बघायला लागला, आणि बघता बघता लॅपटॉप घेतलेल्या लोकांची मतं वाचायला लागला. तिथे त्याचा जीव टांगणीला लागला. एका मालकाने लिहिलं होतं, खोक्यातून बाहेर काढताना अंगावर काटा आला, पाचपैकी पाच. दुसऱ्याने लिहिलं होतं, मांडीवर घेतला तर पोळतो. एक बाई म्हणत होत्या, झाकण एका बोटाने उघडतं, याहून जास्त काय हवं. आणि एकाने, बहुधा स्वतः ठेच खाल्लेल्याने, लिहिलं होतं: आतली साठवण मुख्य पट्टीवरच, म्हणजे मदरबोर्डवरच, पक्की जोडलेली आहे, पट्टी गेली की सगळं गेलं, सांभाळा. हे वाक्य भोंग्याने चारदा वाचलं आणि मनाच्या तळाशी दडपून टाकलं.

त्याला हवं होतं ते कुणीच लिहीत नव्हतं. शेवटी त्याने मतांच्या खाली स्वतःच विचारलं: "शांत खोलीत पंखा ऐकू येतो का? मला आवाज भरायचा आहे." दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. लिहिणारीने नावाऐवजी 'पियानो शिकवणारी' एवढंच लावलं होतं. "चार्जरची वायर काढून ठेवा. बॅटरीवर असला की पंखा फिरत नाही. बाकी सगळे ज्या झाकणाचं कौतुक करतात त्यावर बोटांचे ठसे फार उठतात."

लॅपटॉप आला. मुलीने त्यात सगळं मांडून दिलं आणि जाताना बजावलं, "रोज काम झालं की एक प्रत बाहेर काढून ठेवा. मी पेनड्राइव्ह खणात ठेवलाय. एवढं कराच, बाबा."

"करतो, करतो."

लहान खोलीच्या भिंतींना त्याने गोधड्या टांगल्या, खिडकीच्या फटीत कापड कोंबलं, कोमट पाण्याचा पेला डाव्या हाताला ठेवला. रोज सकाळी दोन तास. घसा फाटलेला होता, पण सवयीचा होता. कुठे श्वास घ्यायचा, कुठल्या शब्दावर ओढायचं नाही, हे त्याला झोपेतही जमलं असतं. मुलीने दिलेल्या यादीत त्याने स्वतःची भर घातली. "कृपया इकडे लक्ष द्या." "आपली मदत हवी आहे." "आपला आभारी आहे." पंधरा दिवसांत अकराशे वाक्यं झाली. बायको दाराबाहेरून जाताना चपला हातात घेऊन जायची.

लॅपटॉपला तो तळहातावरच्या फोडासारखा जपे. पेनड्राइव्ह खणातच राहिला. दोनदा त्याने तो बाहेर काढला; पण पडद्यावर 'बदला?', 'पुसून टाका?' असले प्रश्न येत आणि त्याचा हात मागे येई. चुकीचं काही दाबलं गेलं तर? मुलगी आली की करेल, असं म्हणून त्याने खण बंद केला. भित्र्या माणसाला भीती कुठे मारते ते कळत नाही, ते असं.

शस्त्रक्रियेला पाच दिवस राहिले असताना सकाळी त्याने झाकण उघडलं आणि पडदा काळाच राहिला. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. चार्जर लावला, काढला, दुसऱ्या भिंतीच्या सॉकेटला लावला. काळा म्हणजे काळा. त्या गुळगुळीत काळ्या काचेत त्याला स्वतःचा चेहरा दिसला. मालकांच्या मतांमधलं ते दडपलेलं वाक्य तळातून वर आलं.

बायकोला काही न सांगता तो लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून दुरुस्ती केंद्रात गेला. तिथे नंबराचा कागद घेऊन बसायचं होतं. एकोणचाळीस. पडद्यावर बावीस चालू होता. त्याच्या शेजारच्या बाई मुलाच्या फोनची फुटलेली काच दाखवत होत्या, समोरचा गृहस्थ बॅटरी दोन तास कमी चालते म्हणून तावातावाने भांडत होता. भोंगा टॉवेलावर दोन्ही हात ठेवून बसला, आजारी मांजर आणल्यासारखा.

तंत्रज्ञाने मागचं झाकण उघडून पाहिलं, कसलीशी वायर जोडली, मान हलवली. "मुख्य पट्टी गेली. वॉरंटीत आहे, नवी बसवून देऊ. दोन दिवस."

"आणि आतलं?"

"आतलं पट्टीवरच असतं, काका. ते नाही परत येत. कॉपी असेल ना?"

भोंगा टॉवेलाची घडी घालू लागला. तंत्रज्ञाने वर पाहिलं. "महत्त्वाचं होतं काही?"

"माझा आवाज होता," भोंगा म्हणाला. तंत्रज्ञाला वाटलं, गाण्याबिण्याचा छंद असेल. "अरेरे," तो म्हणाला आणि पुढचा नंबर पुकारला.

घरी येऊन भोंगा गोधड्यांच्या खोलीत जमिनीवर बसून राहिला. बायको ग्रंथालयातून आली, टेबल रिकामं दिसलं, नवऱ्याचं तोंड दिसलं. त्याने सांगितलं. सांगताना तीनदा अडखळला. ती ओरडेल अशी त्याची अपेक्षा होती. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"अहो, मग आता किती दिवस हातात आहेत?" तिने विचारलं.

"लॅपटॉप परवा मिळेल. त्यानंतर दोन. आणि घसा आता अर्धा दिवसही टिकत नाही गं. फार तर दीडशे वाक्यं. अकराशेतली दीडशे कुठली निवडू? आपली मदत हवी आहे, हे ठेवू की—"

"मला असं कधी म्हणालात?"

"काय?"

"आपली मदत हवी आहे. बत्तीस वर्षांत कधी म्हणालात? मी दाराबाहेरून ऐकत होते सगळं. वाटलं, घरात बसच लागणार आहे आता. पण म्हटलं, तुमच्या मनाचं होऊ दे." ती ग्रंथालयाच्या परत आलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन बसली, पाठकोऱ्या चिठ्ठ्या. "मी सांगते, तुम्ही लिहा. दिवसभर काय बोलता ते मला विचारा."

आणि ती सांगत गेली. "माझा चष्मा कुठेय?" "अगं, ऐकलंस का?" "चहा गार झालाय." "हळू चालव, घाई नाहीये." "मी सांगितलं होतं की नाही?" "तू जेवलीस का?" "उगाच डोकं खाऊ नकोस."

"हेही?"

"हे तर आधी. न भांडता राहणार आहात का तुम्ही? की टाइप करून भांडणार?"

भोंग्याला हसू आलं आणि हसता हसता खोकला आला, तो थांबेना. तिने पाणी दिलं.

लॅपटॉप ठरल्या दिवशी आला, नव्यासारखा कोरा. दोन सकाळी आणि दोन दुपारी त्यांनी काम केलं. बायको आता खोलीच्या आत बसली होती, गोधडीला टेकून, पुढची चिठ्ठी धरून. घसा मधेच चिरायचा, "चष्मा" मधला "ष्मा" हवेतच विरायचा. पूर्वीच्या भोंग्याने असलं वाक्य दहादा पुन्हा भरलं असतं. आता दहा वेळा भरायला घसा नव्हता. मुलीसाठी तीन वाक्यं भरायची होती, त्यातलं एक तो तीनदा प्रयत्न करूनही पूर्ण करू शकला नाही. ते अर्धंच राहिलं आणि त्याने ते तसंच ठेवलं. एकशे बेचाळीस झाली. शेवटच्या संध्याकाळी बायकोने पेनड्राइव्ह लावला. 'बदला?' आलं तसा त्याने डोळे मिटले.

"दाबलं," ती म्हणाली. "काही झालं नाही."

शस्त्रक्रिया सहा तास चालली. शुद्धीवर आल्यावर भोंग्याने हाक मारायला तोंड उघडलं आणि नुसती हवा गळ्याच्या भोकातून बाहेर आली. हे होणार हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याची पाचावर धारण बसली, हात नळ्यांसकट कुठेतरी पकडायला धावला. बायकोने लॅपटॉप पलंगाच्या टेबलावर ठेवून उघडला. त्याने कुठलं तरी बटण दाबलं. "चहा गार झालाय," असं त्या खोलीत मोठ्याने ऐकू आलं. नर्स दचकली. बायको तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

चार महिन्यांत घर नव्या पद्धतीला लागलं. स्थानकाने त्याला वेळापत्रकाच्या कामावर घेतलं. काचेच्या खोलीत आता एक तरुण मुलगी बसते, शब्दांचे शेवट गिळते, आणि भोंगा ते निमूट ऐकतो. सकाळी उठल्या उठल्या तो आधी बॅटरी बघतो. प्रती तीन ठिकाणी आहेत: एक खणात, एक मुलीकडे, एक बायकोच्या ग्रंथालयातल्या कपाटात. तरीही झाकण उघडून पडदा उजळेपर्यंतचे ते दोन सेकंद त्याच्या छातीत धडधडतं.

एकदा कडाक्याचं भांडण झालं. विषय फुटकळ होता, तपासणीच्या तारखेला कुणी सोबत यायचं. भोंगा "उगाच डोकं खाऊ नकोस" एकामागून एक पाच वेळा दाबत होता. सहाव्या वेळेला बायकोने हात पुढे केला आणि लॅपटॉपचं झाकण खाडकन मिटलं.

खोली एकदम शांत झाली. आपण काय केलं हे तिला आधी कळलं, की त्याला, सांगता येत नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, मी... माझ्या लक्षातच..." तिने घाईघाईने झाकण उघडलं. पडदा जागा व्हायला वेळ लागला, मग बटणांची यादी आली. भोंगा वरून खाली, खालून वर शोधत राहिला. या प्रसंगाला साजेसं एकही वाक्य त्या एकशे बेचाळिसांत नव्हतं. तोवर राग कुठल्या कुठे गेला होता. मग त्याने टाइप केलं आणि मशीन आपल्या सपाट आवाजात म्हणालं, "ये तू सोबत."

त्या आठवड्यात त्या मतांच्या पानावरून त्याला निरोप आला: आपण घेतलेल्या लॅपटॉपविषयी आपलं मत लिहा. त्याने एक अख्खी दुपार घेतली. लिहिलं ते असं: "वापर चार महिने. वजनाला हलका, एका हाताने धरता येतो. माइक उत्तम. पंधरा दिवसांनी मुख्य पट्टी गेली, माझं पंधरा दिवसांचं काम गेलं. वॉरंटीने पट्टी दिली, काम देता येत नव्हतं. रोज प्रत काढा, भीती वाटली तरी काढा. स्पीकर स्वच्छ आहे, शेजारच्या खोलीत ऐकू जातं. झाकण मिटलं की आवाज बंद होतो, ही सोय की गैरसोय ते ज्याच्या त्याच्या घरावर आहे. ठसे उठतात. पाचपैकी तीन."

मग तिनावर बोट ठेवून तो बराच वेळ बसला, चार करू की काय म्हणून. तीनच ठेवले.

तपासणीच्या दिवशी दवाखान्याच्या लांब बोळात दोघं शेजारी बसली होती. लॅपटॉप त्याच्या मांडीवर, चार्जर तिच्या पिशवीत. आत डॉक्टरीणबाई छायाचित्रं बघत होत्या. अर्धा तास झाला. भोंग्याने बॅटरी पाहिली, एकोणनव्वद टक्के. पाच मिनिटांनी पुन्हा पाहिली.

"ठेवा हो ते," बायको म्हणाली. तिचा स्वतःचा पाय मात्र एकसारखा हलत होता.

दार उघडलं. "गळा स्वच्छ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तीन महिन्यांनी पुन्हा या."

भोंग्याने बोलायला झाकण उघडलं, पण पडदा उजळायला दोन सेकंद लागले. तोवर बायकोनेच त्याच्या वतीने "बरं" म्हटलं आणि पुढची तारीख लिहून घेतली.