द्वारकाबाईंचा कलकलाट

गारखेड्यातल्या मारुती मंदिराच्या सभामंडपात सकाळी जो आवाज सुरू होतो, त्याला कॉलनीतले लोक ‘द्वारकाबाईंचा कलकलाट’ म्हणतात. नाव ठेवलं शेजारच्या मुकुंदरावांनी. निवृत्त माणूस, पेपर वाचायला शांतता हवी. द्वारकाबाईंना ते नाव इतकं आवडलं की त्यांनी खडूने ते खांबावरच लिहून टाकलं. आता यावर मुकुंदरावांनी काय बोलावं!

शाळेत जायच्या आधीची, अडीच-तीन वर्षांची लेकरं इथे येतात. फी नाही, गणवेश नाही, एबीसीडी तर नाहीच नाही. खेळणी म्हणजे रिकामे डबे, जुनी ताटं, लाटणी, झारे आणि गुलमंडीच्या कापडदुकानांतून मागून आणलेल्या चिंध्या. नियम मात्र कडक. जो लेकरू घेऊन येईल त्याने सोडून पळायचं नाही, खाली बसून खेळायचं. “लेकराला खेळता येतंच की,” द्वारकाबाई म्हणतात, “शिकायचं तुम्हाला हाय.”

बाई शेतकऱ्याच्या घरातल्या. स्वतःची लेकरं बांधावर झोळीत टाकून वाढवलेली. मुलाच्या नोकरीपायी शहरात आल्या आणि पाहतात तो काय, एकेका फ्लॅटमध्ये एकेक आई ताट घेऊन एकटीच लेकरामागे फिरतेय. त्यांना ते बघवेना. गावाकडे लेकरू आईचं कमी आणि आळीचं जास्त असतं. इथे आळी नव्हती, मग त्यांनी ती मांडली.

मोनिका त्या आळीतली. सावनीला घेऊन पहिल्यांदा आली तेव्हा साधं बोलतानाही तिचे डोळे भरायचे. आता तीच नव्या आयांना धीर देते. त्यातून हिंमत येऊन तिने गुलमंडीजवळच्या एका दवाखान्यात सकाळची नोकरी मिळवली, सोमवारपासून हजर व्हायचं होतं. अडचण एकच, पण डोंगराएवढी. ती नसताना सावनीला सांभाळणार कोण? नवरा विश्वजीत वाळूजच्या कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी घरी यायचा. ती येईपर्यंत पोरीला बघायला तो तयार होता, पण पोरगी त्याच्याकडे जाईल तर ना! सभामंडपात सगळ्यांच्या वर आवाज लावणारी सावनी बाप दिसला की चिडीचूप. त्याने हाक मारली तरी ओ द्यायची नाही.

“जमलं नाय तर नोकरीला नको म्हणून कळवते,” मोनिका द्वारकाबाईंना म्हणाली, आणि तिचे डोळे पुन्हा भरले.

आठवड्यातून एकदाच येणारं नळाचं पाणी नेमकं शनिवारी आलं. पाण्याच्या दिवशी घर सोडणं मोनिकाला शक्यच नव्हतं, म्हणून विश्वजीतच सावनीला घेऊन आला, कंपनीचा निळा शर्टही न बदलता. द्वारकाबाई त्याची वाटच बघत होत्या. बाप तापट असणार, हे त्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. सगळ्या बायांसमोर त्यांनी विचारलं, “काय रे बाबा, हात उगारतो का लेकरावर?”

विश्वजीतचा चेहरा उतरला. “नाय हो काकू. आजवर मोठ्यानं बोललो नाय तिला.”

“मग लेकरू मुकं कामून होतं तुला बघून?”

“मलाच कळंना,” तो म्हणाला आणि खांबाला टेकून बसला.

बाईंना काही ते पटलं नाही. एकदा मनाशी निकाल लागला की द्वारकाबाईंपुढे वकील चालत नाही.

रात्रभर मशीनपुढे उभा राहिलेला माणूस तो. पाहता पाहता त्याची मान कलली. समोर ताटं बडवली जात होती, डबे गडगडत होते, पण हा गाढ झोपी गेला.

आणि सावनी उठली. एकेका लेकराजवळ जाऊन तिने हातातला झारा काढून घेतला. “श्श! पप्पा झोपले. कामावरून आलेत.” कुणी तरी पुन्हा डबा वाजवला, तर तिने असे डोळे वटारले की तोही गप्प झाला. थोड्याच वेळात सगळी लेकरं ओठांवर बोट ठेवून बसली. सभामंडपात इतकी शांतता पसरली की मुकुंदराव पेपर टाकून धावत आले. “काय झालं? आवाज का बंद पडला?” सावनीने त्यांनाही गप्प केलं.

द्वारकाबाईंच्या आत्ता कुठे ध्यानात आलं. लेकरू बापाला भीत नव्हतं, बापाची झोप राखत होतं! दोन खोल्यांच्या घरात जन्मल्यापासून ती एकच गोष्ट ऐकत आली होती, पप्पा थकून आलेत, आवाज करायचा नाही. बापावर माया करायची म्हणजे गप्प राहायचं, असंच तिला वाटत होतं. आणि ती जिवापाड माया करत होती. आपण त्या माणसाला काय विचारून बसलो, या विचाराने बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण लाजत बसणारी बाई नव्हे ती. सावनीला जवळ ओढून म्हणाल्या, “लई झाली झोप. उठव पप्पाला.”

सावनीने जोरजोरात मान हलवली. असलं काम तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

“अगं, जागा झाला तर खेळंल तुझ्यासंगं. मार हाक! आम्ही हाय ना मागं.”

सावनी बापासमोर जाऊन उभी राहिली. छाती फुगवली आणि ओरडली, “पप्पा, उठा!” मागून सगळे डबे, झारे, ताटं एकदम वाजली. विश्वजीत दचकून उठला आणि कामाची पाळी चुकली असं वाटून बूट शोधायला लागला. मग त्याला समोर टाळ्या पिटणारी लेक दिसली. तो हसला, इतका हसला की त्याला ठसका लागला. सावनीला ते भलतंच आवडलं. “परत झोपा,” तिचा हुकूम सुटला. बिचारा घोरायचं सोंग करत पुन्हा पुन्हा झोपत राहिला आणि ती उठवत राहिली. मुकुंदरावांनीसुद्धा एक ताट मागून घेतलं.

“चुकले रे बाबा मी,” द्वारकाबाई सगळ्या बायांसमोरच म्हणाल्या.

“जाऊ द्या काकू,” विश्वजीत म्हणाला. सावनी तेव्हा त्याच्या पाठीवर चढत होती.

सोमवारी मोनिका कामावर निघाली. बापलेकीला सभामंडपात सोडून ती रिक्षात बसली, तोच आतून आवाज आला. “पप्पा, माझ्याकडे बघा! पप्पा, बघा ना!” बापाला अशी हाक मारताना तिने लेकीला कधी ऐकलं नव्हतं.

“दादा, जरा थांबा,” ती रिक्षावाल्याला म्हणाली.

पहिल्याच दिवशी उशीर होणार होता. तरी ती ऐकत बसली.