पवनचक्की बघायला, पापडांचा डबा घेऊन

निवृत्त झाल्यापासून आमच्या बाबांना पवनचक्कीचं वेड लागलंय. कोळसा नाही, धूर नाही, राख नाही, नुसत्या हवेवर वीज! जबलपुरातल्या महाराजपूरच्या आमच्या घराच्या गच्चीवर एक छोटी पवनचक्की बसवायचीच, असा त्यांचा हट्ट होता. विरोधी पक्षात एकटी आई, कारण गच्ची तिची. उन्हाळाभर तिथं जुन्या साडीवर तिच्या कुरड्या, वड्या आणि तांदळाचे पापड वाळतात. रोजच्या वादाला वैतागून मीच म्हटलं, देवासजवळच्या टेकड्यांवर खऱ्या पवनचक्क्या आहेत, त्या बघून येऊ आणि मग भांडा.

"चलो," आई म्हणाली, "पण तिथं पाहून मी नाही म्हटलं, तर नाही!"

बाबा कबूल झाले. खऱ्या पवनचक्कीपुढे आई विरघळेल, याची त्यांना खात्रीच होती.

जबलपूर-भोपाळ रस्ता आता चांगला आहे. फास्टॅग भरून ठेवा आणि गाडीत बाबांसारखं कोणी असेल तर कानात घालायला कापूसही. पवनचक्कीची पाती कशी फिरतात हे त्यांनी तेंदूखेड्यापर्यंत समजावलं आणि तिथून वाटेतल्या बरेलीपर्यंत तेच पुन्हा. बरेलीच्या पुढं ढाब्यावर शेव-टमाटर खाल्लं, तेवढाच वेळ शांतता. मुक्काम भोपाळला केला.

दुसऱ्या दिवशी पोहे-जिलबी खाऊन निघालो. देवास जवळ आलं, टेकडीवर पहिली पवनचक्की दिसली आणि बाबा एकदम गप्प झाले. एवढं अवाढव्य यंत्र, पण कुठं घाई नाही, आरडाओरड नाही. जवळ उभं राहिलं की फक्त सूं सूं ऐकू येतं. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू! शेवटचा थोडा रस्ता कच्चा आहे, आणि आत सोडत नाहीत. फाटकाबाहेरूनच बघायचं. टोपी मात्र हातात धरा.

फाटकावरच्या गार्डला बाबांनी विचारलं, "भैया, घर की छत पर छोटी वाली लगा सकते हैं ना?"

"लगा लो साहब. आपके यहाँ हवा है?"

"बहुत! रोज़ शाम को."

तेवढ्यात आईनं गाडीच्या बॉनेटवर जेवणाचा डबा उघडला. पोळ्या आणि ठेचा जागेवर राहिले, पण वर ठेवलेले तळलेले पापड भुर्रकन उडून थेट शेजारच्या शेतात गेले. आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग बाबांकडे वळली.

"अहो, मी इतकी वर्षं छतावर पापड वाळवून राहिली. साडीच्या कोपऱ्यावर कधी एक गोटा तरी ठेवला का?"

"नाही."

"मग आपल्या छतावर हवा कुठं आहे?"

"अगं, संध्याकाळी किती छान..."

"ती ग्वारीघाटची! तुम्ही रोज नर्मदेवर जाऊन बसता, आन् तिथली हवा घरची समजता. आपल्याला तर तिन्ही बाजूंनी लोकांच्या भिंती आहेत."

गार्ड हसत म्हणाला, "माताजी ने तो फैसला ही कर दिया."

परतीच्या वाटेवर कापसाची गरज पडली नाही. बाबा खिडकीबाहेर बघत बसले होते. जिंकूनही आईचं तोंड उतरलेलं होतं. भोपाळला सिग्नलवर तिनं फेरीवाल्याकडून एक कागदी फिरकी घेतली आणि पर्समध्ये घातली. घरी आल्यावर ती गच्चीवरच्या टाकीच्या पाइपाला बांधली.

"चेष्टा करून राहिली का?" बाबा म्हणाले.

"नाही जी. हवा कुठून येते, पाहू तर द्या."

तेव्हापासून बाबा रोज चहाचा कप घेऊन वर जातात आणि फिरकीची जागा बदलतात. कधी टाकीवर, कधी कठड्यावर. ती काही हलत नव्हती. देवासला एकदा जाऊन याच, पण आधी स्वतःच्या गच्चीवर एक फिरकी लावून बघा, एवढंच सांगेन.

परवा सकाळी वरून आईची हाक आली, "अहो, काहून बसले खाली? या ना लवकर! फिरून राहिली!"

आम्ही धावत वर गेलो. वाळवणाची साडी उलटी पडली होती. निम्मे पापड शेजाऱ्यांच्या गच्चीवर जाऊन पडले होते, आणि आई ते सगळं सोडून, बाबा येईपर्यंत फिरकी थांबू नये म्हणून, तिच्यावर फुंकर घालत उभी होती.