चोरखिसा आणि वरवंटा

चामटोलीहून गाडी निघाली तेव्हा सासूबाई वंदनाच्या बाळाविषयी बोलत होत्या आणि मला माझ्या पोटाची काळजी लागली होती. वंदना माझी धाकटी नणंद, बंगळुरूला असते. तिच्या मुलीच्या बारशाला आम्ही दोघी विमानाने निघालो होतो. सासूबाई पहिल्यांदाच विमानात बसणार होत्या. मी एकदा बसले होते, पण तेव्हा पोटाला पंप नव्हता.

मला मधुमेह लहानपणापासून. लग्न ठरतानाच इंजेक्शनांचं सांगितलं होतं, त्यामुळे ते घरात सगळ्यांना ठाऊक. अलीकडे मात्र डॉक्टरांनी इन्सुलिन पंप लावला. मोबाइलहून लहान डबी, तिच्यातून निघालेली बारीक नळी पोटाला चिकटवलेली. दिवसरात्र थेंबथेंब औषध जात राहतं, आणि साखर फार उतरली की डबी वाजते. हे फक्त माझ्या नवऱ्याला, संदीपला, माहीत होतं. सासूबाई मायाळू, पण त्यांच्या पोटात काही राहत नाही. सकाळी त्यांना सांगावं आणि संध्याकाळी बदलापूरच्या रिक्षावाल्याने आपल्या तब्येतीची चौकशी करावी, असं. इंजेक्शनांच्या वेळी सगळ्या आळीने मला ‘बिचारी’ म्हटलं होतं. आता नळी पाहिली असती तर बायकांनी मला खाटेवरच झोपवलं असतं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, पंप बॅगा तपासायच्या यंत्रात घालायचा नाही, अंगावरून काढायचा नाही, हाताने तपासा म्हणून सांगायचं. ते हिंदीत कसं सांगायचं याची मी न्हाणीघरात नळ सोडून तालीम करत होते.

बदलापूरचे टॉवर मागे पडले, अंबरनाथच्या कारखान्यांचा तो ओळखीचा उग्र वास आला आणि गेला. उल्हासनगरला मी संदीपला गाडी थांबवायला लावली. तिथे एक सिंधी शिवणकाम करणारी बाई आहे, सगळे तिला आंटी म्हणतात. माझ्या सलवारीच्या नेफ्याला तिने आतून चोरखिसा शिवला होता. सासूबाईंना मी बारशाचा ड्रेस आणायचा आहे असं सांगितलं. आंटीच्या दुकानातच तो घातला आणि पंप आत सरकवला. तो जेमतेम मावला.

“पैसे के लिए है ना, अदी (ताई)?” आंटी पडद्याबाहेरून म्हणाली. “डबल सिलाई मारी है. चोर का बाप भी नहीं निकाल पाएगा.”

मी हो म्हटलं. तिच्या शिलाईचं मला तेव्हा कौतुकच वाटलं.

सकाळपासून भीतीने मी काहीच खाल्लं नव्हतं. विमानतळावर संदीप दारातूनच परतला, मोठ्या बॅगा काउंटरवर गेल्या आणि तपासणीची रांग दिसू लागली तशी मी पाठ केलेलं वाक्य पुन्हा घोळवू लागले. मी बेत केला होता: सासूबाईंना पुढे घालायचं, त्या पलीकडे गेल्या की पडद्याआड सगळं उरकून घ्यायचं. त्यांना काही कळायचं कारण नव्हतं.

त्या पलीकडे गेल्याही. मी बायकांच्या पडद्याआड शिरले. आतल्या मुलीने हातातली काठी अंगावरून फिरवली आणि ती कमरेपाशी वाजली.

“अंदर क्या है?”

पाठ केलेलं सगळं वाक्य पळालं. “मशीन है,” मी म्हणाले. “दवाई का.”

“निकालिए. ट्रे में डालिए.”

“निकलता नहीं. पेट को लगा है.”

मी डॉक्टरांचा कागद पुढे केला. तिने तो वाचला, मग मशीन तरी दाखवा म्हणाली. मी खिशात बोटं घातली. आंटीच्या डबल शिलाईतून पंप निघेना. मी ओढतेय, ती बघतेय, आणि अशी धडपडणारी बाई तिला कशी दिसत असेल या विचाराने मला आणखीच घाम फुटला. तिने वरिष्ठ बाईंना हाक मारली.

तेवढ्यात बाहेरून सासूबाईंचा आवाज आला. “यो दगड नाय ओ. आमचा बाल हाय.”

मी डोळे मिटून घेतले. त्यांनी वरवंटा (पाट्यावर वाटण वाटायचा दगड) हातातल्या पिशवीत आणला होता. आमच्याकडे बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्याखालून एकीच्या हातून दुसरीच्या हातात देतात. आमच्या घरचा वरवंटा सासूबाईंच्या सासूचा. आळीतली सगळी मुलं त्याच्या मागून पाळण्यात गेलेली. बाळाचा दगड सामानात टाकायचा नाही म्हणून त्यांनी तो मला न सांगता झबल्यात गुंडाळून जवळ ठेवला होता. यंत्राने झबलं सोडून दगडच पाहिला.

माझी बोटं थरथरत होती. ही भीतीच, असं मला वाटत होतं. मग सलवारीच्या आतून पंप वाजू लागला.

त्या मुलीचा हात जागच्या जागी थांबला. विमानतळावर माणसाच्या अंगातून बीप बीप येणं काय असतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मला मात्र कळलं होतं. पंप साखर खाली गेल्याचं सांगत होता. डोळ्यांपुढे पडदा हलू लागला की मी, ते समजेना. “शुगर कम हो गया,” एवढं म्हणून मी स्टुलावर बसले. “बाहर मेरी सास है.”

तिने पडदा सारला आणि सासूबाई आत आल्या. मी कुर्ता वर धरून बसले होते. नळी दिसत होती, चिकटपट्टी दिसत होती, सगळंच दिसत होतं.

“आई, गोड काहीतरी द्या.”

त्या हलल्याच नाहीत. लग्न झाल्यापासून माझ्या ताटातला लाडू त्यांनी स्वतःच्या हाताने उचलला होता. साखर झालेल्या सुनेला गोड देणं म्हणजे विष देणं, अशी त्यांची खात्री.

“आई, आत्ता नाही खाल्लं तर मी पडेन.”

त्या वळल्या. बारशाचे बत्तासे वरवंट्याच्याच पिशवीत होते. तिथला माणूस त्यांना समजावत होता की दगड आत नेता येणार नाही, काउंटरवर परत जाऊन सामानात द्या, नाहीतर इथेच सोडा.

“ठेव तू,” त्या म्हणाल्या. “मना पिशवी दे.”

त्यांनी एकेक बत्तासा माझ्या तोंडात घातला, लहान मुलाला भरवावं तसा. वरिष्ठ बाई आल्या, त्यांनी कागद वाचला, कात्री मागवून चोरखिशाचा टाका उसवला. पंपावरून आणि माझ्या हातांवरून कापडाची पट्टी फिरवून तिच्यावर स्फोटकांचा अंश नाही ना ते पाहिलं आणि बरं वाटेपर्यंत बसू दिलं. मग आम्ही निघालो; काउंटरवर परत जायला आता वेळ नव्हता. वरवंटा तिथेच टेबलावर झबल्यात राहिला. सासूबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. मी पाहिलं आणि मला रडू आलं.

विमान वर गेल्यावर त्या म्हणाल्या, “मना का नाय सांगितलंस?”

“तुम्ही सगळ्या चामटोलीला सांगितलं असतं.”

“सांगितला असता,” त्या म्हणाल्या. आणि बंगळुरू येईपर्यंत गप्प बसल्या, जे मी कधी पाहिलं नव्हतं.

वंदनाच्या शेजारी एक कन्नड आजी राहतात. दगडाची हकिगत वंदनाने त्यांना सांगितली, तेव्हा त्यांनी गुंडुकल्लू (वाटणाचा गोल दगड) आणून दिला. त्यांच्या घरी मिक्सर आल्यापासून तो कुंडीला टेकू होता. टोपडं त्याला सैल झालं, पण बारसं झालं. निघताना आजींनी तो सासूबाईंच्या ओटीतच घातला. परतताना तो मोठ्या बॅगेत गेला, पंप कुर्त्याबाहेर कमरेला लावला, आणि पोटभर इडल्या खाऊन मी रांगेत उभी राहिले. भीती वाटली, पण पाठ केलेलं वाक्य या वेळी पळालं नाही.

चामटोलीला पोचलो तेव्हा पंप ओढणीखाली होता. हात धुतो न धुतो तोच शेजारच्या शेवंताकाकू वरवंटा मागायला आल्या. त्यांच्या नातवाचं बारसं होतं. सासूबाईंनी गोल दगड पुढे ठेवला.

“यो आपला नाय,” काकू म्हणाल्या. “आपला कुठं?”

“फुटला,” सासूबाई म्हणाल्या. “माझ्या हातातून पडला.”

काकूंचा चेहरा उतरला. बारशाचा दगड फुटणं म्हणजे केवढा अपशकुन, ते उद्या सगळी आळी सासूबाईंना ऐकवणार होती. त्यांना ते माहीत होतं. माझ्याकडे न बघता त्या बॅगेतले कपडे काढत राहिल्या. ज्या बाईच्या पोटात कधी काही राहिलं नाही, ती माझ्यासाठी एवढं मोठं खोटं गिळून बसली होती. मला ते सोसेना.

“काकू, फुटला नाही,” मी म्हणाले आणि ओढणी बाजूला केली. “माझ्यासाठी सोडून आल्या.”

मग मी सगळं सांगितलं, नळीसकट, बत्ताशांसकट. काकू वाकून पंपाकडे बघू लागल्या. मी ‘बिचारी’ या शब्दाची वाट पाहत होते.

“दुखतं का गो?”

“नाही.”

“मग बरा हाय.” त्यांनी गोल दगड उचलून पदरात घेतला आणि दारात थांबल्या. “बारशाला ये. पण घरशी खाऊन ये, आमचेकडं जेवाला उशीर होतो.”