विमान अंगावर येतं तेव्हा

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी तीस वर्षं पॅटर्नमेकर होतो. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो, तो मी करायचो. पुढं ते काम यंत्रावर व्हायला लागलं. मला संगणक शिकायला बसवलं, पण तो काही मला जमला नाही. शेवटी शाल-नारळ देऊन, अगदी मानानं, घरी बसवलं. तेव्हापासून एक भीती मनात घर करून होती, की आता आपल्याला नवीन काही शिकता येणार नाही. बायकोलाही हे बोललो नव्हतो.

मोबाइलवर कुणीतरी रिमोटचं विमान उडवताना बघितलं आणि वाटलं, हे तर आपल्या हातातलं काम. फोमचे तक्ते आणले, विमानाचा नकाशा पसरला आणि सवयीनं कामावरची पट्टी उचलली. आता ही पट्टी साधी नसते. तापलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं, म्हणून नमुना थोडा मोठा करतात आणि आमच्या पट्टीवरचा इंचच मुळात किंचित मोठा असतो. अख्खं विमान मी त्या पट्टीनं कापलं. विकत आणलेली दांडी पंखात एक बोट कमी पडली तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. फोम काय भट्टीतून निघून थंड व्हायचा होता? पण हार मानेल तो पॅटर्नमेकर कसला. सागवानाचा तुकडा जोडला, कोपरे लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, भरले, घासून गुळगुळीत केलं. विमान देखणं झालं आणि जमिनीवरून उठायचं नाव घेईना.

दुसरं हलकं केलं आणि मुरगूडच्या रस्त्याला मेव्हण्याचं ऊस गेलेलं मोकळं रान आहे, तिथं नेलं. ते उडालं. लांब जाईपर्यंत सगळं झ्याक, पण माझ्याकडं वळलं की घोळ. विमानाचं तोंड आपल्याकडं झालं की त्याचं उजवं ते आपलं डावं. हे डोक्याला कळायचं, रिमोटच्या काडीवरच्या बोटांना कळायचं नाही. नाक मातीत रुतायचं, मी चिकटवायचो, पुन्हा रुतायचं. शेवटी त्याचा पार भुगा झाला. तिसरं केलं तेव्हा मनाशी ठरवलं होतं, हे मोडलं की सगळं सामान माळ्यावर टाकायचं आणि गप बसायचं.

ते घेऊन गेलो त्या दिवशी शेजारच्या रानात ऊसतोड चालू होती. ट्रॉली भरेपर्यंत ट्रॅक्टरवाल्याला काही काम नसतं. तो बांधावर बसून माझी एक खेप बघत होता. विमान कसंबसं मातीत टेकलं, नाकावरचा फिरता पंखा तेवढा तुटला. मी नवा पंखा बसवत होतो तोवर तो जवळ आला.

"पावणं, जाताना ब्येस जातंय. येताना तुमची गडबड हुतिया."

मला राग आला. "बघायला सोपं असतंय," मी खेकसलो. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही.

"माज्या ट्रॉलीचं बी तसंच हाय की. रिव्हर्सला ट्रॉली जिकडं न्यायची, त्याच्या उलटं स्टेअरिंग. पयल्या वर्साला लोकांचं बांध फोडल्यात मी. डावं-उजवं म्हनत बसलं की चुकतंय. निस्ता ट्रॉलीचा कोपरा बगायचा. तुमी पंख बगा. जो खाली बसाय लागलाय, त्येच्याकडंच काडी ढकला. टेकू दिल्यागत."

नुसतं सांगून थांबला नाही. तोडकरी मोळ्या बांधत होते तेवढ्यात ट्रॅक्टरवर चढला, मला मडगार्डवर बसवलं आणि मागं बघत ती ट्रॉली दोन बांधांच्या मधून हळूहळू मागं नेली. मी त्याचे हात बघत होतो. हातांना कसली घाई नव्हती.

मग मी विमान वर सोडलं. लांबून वळवलं. ते अंगावर यायला लागलं तसा डावीकडचा पंख कलला, आणि मी काडी डावीकडंच ढकलली. पंख उचलला गेला. डोक्यावरून गेलं, पुन्हा वळलं, पुन्हा आलं. पाच-सहा फेऱ्या झाल्या आणि ढेकळांत का होईना, सरळ उतरलं. काहीही मोडलं नव्हतं. वर्षानुवर्षं कमावलेलं शहाणपण त्या माणसानं मी खेकसल्यावरही मला देऊन टाकलं, त्याचे उपकार मी विसरणार नाही.

ट्रॉली भरत आली होती, तोडकरी त्याला हाका मारत होते. तो मात्र विमानाजवळ उकिडवा बसला, पंखावरून बोट फिरवलं आणि जरा संकोचून म्हणाला, "शिजन संपला की मी रिकामाच असतोय. मला बी शिकिवशीला काय?"

मी व्हय म्हणालो. मग विमानाच्या चाकांची माती काढायला बसलो.