विहिरीवर वाजवलेलं शिंग

आमच्या रेणापूरला कुणाच्या अंगात आलं की मी पाठ फिरवून चालू लागायचे आणि घरी येऊन आईच्या शिव्या खायचे. भूतबाधा, नजर, कौल... कशावरच कधी विश्वास बसला नाही. शिकले इंजिनिअरिंग, काम करते पाणी शुद्धीकरणाचं. (लातूरकडची बाई आणि पाण्याचं काम — हसा खुशाल.) तरीही हे लिहितेय, कारण गेल्या डिसेंबरात जे घडलं ते मला कुठेच बसवता येत नाहीये.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही नेदरलँड्समध्ये असतो, जर्मनीच्या सीमेला लागून असलेल्या त्वेंते भागात. गाव एवढंसं — एक चर्च, एक बेकरी, बाकी शेतं आणि गायी. नाव देत नाही, तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात. आमचे शेजारी हेर्मान काका. सत्तरी ओलांडलेली, जन्म दुधाच्या धंद्यात गेला, आता एकटेच.

त्या भागात एक जुनी रीत आहे. नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत लोक लाकडी शिंग वाजवतात. बर्चच्या झाडाची वाकडी फांदी उभी चिरायची, आतून कोरायची, परत जोडून बांधायची. आपल्या शिंगासारखंच, पण चार-पाच फूट लांब. आणि वाजवायचं विहिरीवर उभं राहून, तोंड खाली पाण्याकडे करून, म्हणजे आवाज घुमून लांब जातो. गाणं वगैरे नाही, एकच जुनी हाक. बापानं मुलाला शिकवायची. युद्धात जर्मन सैन्यानं या शिंगांवर बंदी घातली होती, तेव्हा काकांच्या वडिलांनी त्यांचं शिंग गवताच्या गंजीत लपवलं होतं म्हणे. मला हे सगळं गोड वाटायचं. व्हिडिओ काढायचे, फॅमिली ग्रुपवर टाकायचे, संपलं.

आता आप्पांचं सांगते. माझे वडील. रेणापुरात त्यांची पिठाची गिरणी होती. आई गेली आणि त्यांचा विसर वाढत गेला. दादा-वहिनीजवळ असतात. व्हिडिओ कॉलवर मला बघून वहिनीला विचारायचे, "ही कोन बाई हाय?"

शुक्रवारी दादाचा फोन आला. "सरू, आप्पा सकाळी चहा पिऊन बाहेर पडले, ते अजून न्हाईत गं."

पहिल्या दिवशी मीच त्याला धीर दिला. असतील कुणाच्या ओट्यावर. शनिवारीही पत्ता नाही. पोलिसांत दिलं, फोटो सगळ्या ग्रुपवर फिरला, औसा-नायगावपर्यंतच्या पाहुण्यांना फोन झाले. एकानं त्यांना पानगावच्या रस्त्याला बघितलं होतं, बस्स. तिकडे दोन्ही बाजूंना तोडणीला आलेला ऊस. दादा म्हणाला, "ह्या उसात बैल शिरला तरी दिसत न्हाई माय. आन् विहिरींना कठडे न्हाईत." थंडी म्हणजे दात वाजत होते म्हणे. आप्पांच्या अंगात फक्त सदरा.

मी तिकीट काढलं. बर्फामुळे फ्लाइट कॅन्सल. दुसरं काढलं, तेही कॅन्सल. नवरा कामासाठी दुसऱ्या देशात, तिथून तो एअरलाइनशी भांडत होता. मी भरलेली बॅग दारात ठेवून जमिनीवर बसून राहिले. जेवण नाही, झोप नाही. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

रविवारी सकाळी दादाला फोन केला. तिकडे दुपार झालेली. तो रडत होता. आमचा दादा मी आई गेल्यावरही रडताना बघितला नव्हता.

"आता विहिरीत गळ टाकून बघायलेत गं..."

मी चपलांवरच बर्फात बाहेर आले. का, माहीत नाही. घरात बसवेना. धुकं होतं, आणि शेजारच्या अंगणात हेर्मान काका विहिरीपाशी शिंग घेऊन उभे. मी मोडक्या डचमध्ये त्यांना सगळं सांगितलं. सांगताना हुंदके आवरत नव्हते.

त्यांनी हातातलं शिंग खाली केलं. मग म्हणाले, "माझे आजोबा सांगायचे, दलदलीत माणूस हरवला की घराघरांच्या विहिरींवर शिंग वाजायचं. आवाज धरून माणूस परत यायचा. वडिलांचं नाव काय?"

"भानुदास."

त्यांनी ते दोनदा पुटपुटून पाहिलं. 'भ' काही जमला नाही. मग वाकले आणि वाजवलं.

तो आवाज लांबून ऐकणं वेगळं. जवळ उभं राहिलं की छातीत शिरतो. एखादी गाय वासरासाठी हंबरत राहावी तसा... लांब, तुटत जाणारा. ते थांबले आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी विहिरीत वाकून ओरडले. "आप्पा! ओ आप्पा! मी सरू!" घसा फुटेपर्यंत. लहान पोर रडतं तशी रडत होते. काकांनी माझं जॅकेट मागून घट्ट धरून ठेवलं होतं.

नंतर तास-दीड तास त्यांच्या स्वयंपाकघरात गार झालेला कॉफीचा कप हातात धरून बसले होते. लाज वाटत होती. तेवढ्यात फोन वाजला.

"सापडले गं सरू! जित्ते हायेत!"

पानगावच्या बाजूला, उसाच्या मधोमध एका विहिरीच्या काठावर. एका ऊसतोड करणाऱ्या बाईला दिसले. मी हुंदके देत होते, दादा बोलत होता. मग त्याचा आवाज बदलला.

"पर उठंनात बघ. चौघांनी धरलं तरी उठंनात. विहिरीत बघून म्हनायलेत, आत पोरगी रडायली, तिला आधी काढा... आम्ही गळ टाकून बघितलं. कुनीच न्हाई."

त्या सकाळच्या विहिरीचं, शिंगाचं मी दादाला सांगितलेलंच नव्हतं. कुणालाच नव्हतं.

फ्लाइट सुरू झाल्यावर मी आले. आप्पा लातूरला दवाखान्यात होते. ते जरा सावरल्यावर दादाला घेऊन मी त्या बाईला भेटायला ऊसतोडीच्या टोळीवर गेले. सुमनबाई. ती मोळ्या बांधत होती.

"गाय विहिरीत पडून हंबरायली, आसं वाटलं बगा," ती म्हणाली. "म्हनून म्या धावले. गाय कुठली, हा म्हातारा बसलेला. काठावरचं झुडूप धरून."

"पोरीचा आवाज आला का?"

"न्हाई बाई. मला निस्ती गाय. पर म्हाताऱ्याच्या डोळ्याला धार लागली व्हती."

मोबाइलवर काकांचा जुना व्हिडिओ होता. चित्र न दाखवता फक्त आवाज लावला. सुमनबाईच्या हातातली मोळी खाली पडली. "ह्योच," म्हणाली, आणि दोन पावलं मागं सरकली. दादा माझ्याकडे बघत राहिला. तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं.

नवरा म्हणतो, योगायोग. खरंच कुठे तरी गाय हंबरली असेल, आणि आप्पांचं मन ठिकाणावर नाही. असेलही. मी स्वतःला हेच समजावते. पण मग त्यांनी 'पोरगी'च का ऐकली? हेर्मान काकांना फोनवर सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आजोबांनी यापुढचं काही सांगितलं नव्हतं."

मी सुट्टी वाढवून इथेच, रेणापूरच्या घरी आहे. आप्पा अंथरुणावर असतात. रोज कधी तरी उठून बसतात, दाराकडे बघतात आणि विचारतात, "निघाली का ती पोरगी विहिरीतनं?"

"निघाली, आप्पा. मीच ती. सरू."

ते माझ्याकडे नीट बघतात. मान हलवतात. म्हणतात, "तू न्हाई बाई. ती लई बारकी हाय. जा, कुनाला तरी बोलव... थकली आसंल रडून."