चर बुजेपर्यंत

दिल्लीच्या द्वारकेत तेव्हा माणसांपेक्षा चर जास्त होते. त्यांत पाण्याचे पाइप टाकायचे, आणि कुठल्या चराला किती माणसं, किती तास लागतील याचा अंदाज काढायचा, हे माझं सरकारी काम. खोदाई, पाइप उतरवणं, जोड, पाणी भरून दाबाची चाचणी, मग भरणी. माती हातात चुरून मी तास सांगायचो आणि ते सहसा चुकत नसत. याचा मला गर्व होता, उगाच कशाला लपवा.

त्याच भरवशावर मी मुलीच्या बारशाचा दिवस ठरवून दिला. बायको बाळंतपणाला साताऱ्याला, माहेरी होती. मुलगी झाल्याची तार आली होती, तिला मी अजून पाहिलं नव्हतं. सासऱ्यांना कळवलं, "होळीनंतर पाचव्या दिवशी ठेवा, तोवर काम संपतंय." होळीची सुट्टी एक दिवस धरली होती. आपल्याकडे होळी म्हणजे पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी धुळवड, झालं.

होळीच्या तीन दिवस आधी मुकादम आला. "साहब, हम लोग चलते हैं. होली पर तो गाँव जाना ही पड़ता है. दस-बारह दिन में आ जाएँगे."

दिल्लीत मला सहाच महिने झाले होते, पण कुणाला विचारायला काय धाड भरली होती? सगळे बुंदेलखंडला निघून गेले. चर अर्धा उघडा, शेजारून रहदारी. तो बुजेपर्यंत साइट सोडायची नाही, असा वरून हुकूम आला.

होळीच्या दिवशी मी चराच्या कडेने एकटाच फिरलो. रंग लावायलाही कुणी नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

बारशाच्या संध्याकाळी बूथवरून फोन लावला. बायको म्हणाली, "झालं बारसं. सगळे आले होते." मी तिला मजूर, माती, उरलेले जोड, सगळं समजावत बसलो. ती नुसतं "हो" म्हणत राहिली. मग मागे मुलगी रडायला लागली, आणि तिने फोन ठेवला.

चार दिवसांनी माणसं परतली. मुकादमाने कागदात बांधून गुजिया, त्यांच्याकडच्या होळीच्या करंज्या, आणल्या होत्या.

"बिटिया का नाम क्या रखा, साहब?"

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.